लिस्बनचं भाडं कोण वाढवतं?

३० ऑक्टोबर २०२२ पासून पोर्तुगालनं एक नवा व्हिसा द्यायला सुरुवात केली. पगार किंवा धंदा परदेशातला, काम लॅपटॉपवर आणि मुक्काम पोर्तुगालमध्ये, अशांसाठी. मुख्य अट पैशांची: महिन्याची कमाई पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या निदान चौपट हवी. २०२५ साली हे किमान वेतन ८७० युरो होतं. म्हणजे त्या वर्षी या व्हिसावर येणाऱ्याच्या खिशात महिन्याला कमीत कमी ३,४८० युरो. त्यातला तिसरा हिस्सा त्यानं घरभाड्यावर घालवला तर होतात १,१६० युरो. त्याच्या टेबलावर कॉफी आणून ठेवणाऱ्या, किमान वेतनावरच्या मुलीचा अख्खा पगार दिला तरी ते भाडं भागत नाही.

बाहेरच्याची आणि घरच्याची ऐपत यांतलं अंतर एरवी आकडेवारीत शोधावं लागतं. इथं ते सरकारनं नियमातच लिहून ठेवलं आहे. त्यामुळे लिस्बनच्या महागाईची गोष्ट या लॅपटॉपवाल्यांपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच संपते. अमेरिका, जर्मनी, इंग्लंडहून पंचविशी-तिशीतली मंडळी आली, त्यांनी घरं महाग केली आणि लिस्बनकर शहराबाहेर फेकले गेले. यातला शेवटचा भाग खरा आहे. आधीचा तपासून घ्यायला हवा.

‘ते आले आणि घरं महागली’

क्रम चुकतोय. लिस्बन आणि पोर्तो या शहरांतली भाडी हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत, १९४८ साली गोठवली गेली. मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा. त्यामुळे पुढं काय झालं ते मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. भाडं नाममात्र, म्हणून घरमालक दुरुस्तीला हात लावत नाही. जिने कुजतात, छपरं गळतात आणि भाडेकरू जागचा हलत नाही, कारण हलला तर तेवढ्या भाड्यात दुसरीकडं कुठंच सोय नाही. १९८१ मध्ये आठ लाखांवर असलेली लिस्बन शहराची वस्ती २०११ पर्यंत साडेपाच लाखांच्या आसपास आली होती. जुन्या शहरात म्हातारी माणसं आणि कुलूपबंद इमारती उरल्या होत्या. ‘पूर्वीचं लिस्बन काय छान होतं’ म्हणून हळहळणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

२०११ मध्ये देशाची तिजोरी रिकामी झाली. युरोपीय महासंघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी मिळून ७८ अब्ज युरोंचं कर्ज देऊ केलं आणि त्यासोबत अटींची यादी दिली. भाड्याचा बाजार मोकळा करा, ही त्यातलीच एक. २०१२ च्या कायद्यानं जुनी भाडी बाजारभावाकडं नेण्याची वाट मोकळी झाली. वृद्ध, अपंग आणि कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना काही वर्षांची मुदत मिळाली. बाकीच्यांशी मालकानं नव्यानं बोलणी करावीत. नवे करार थोड्या मुदतीचे करायलाही मोकळीक मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात गोल्डन व्हिसा आला: पाच लाख युरोंची मालमत्ता घ्या आणि राहण्याचा परवाना मिळवा. पुढं मोडकळीला आलेली इमारत दुरुस्त करणाऱ्यासाठी ही रक्कम साडेतीन लाखांवर आणली. चिनी गुंतवणूकदार यात सगळ्यांत पुढं होते; त्यातले कितीतरी लिस्बनला राहायला कधी आलेच नाहीत. २०१४ मध्ये घर पर्यटकांना रोजावर देण्यासाठीची नोंदणी अगदी सोपी करून टाकली.

आता लिस्बनच्या जुन्या अल्फामा वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घराच्या तेव्हाच्या मालकाच्या जागी बसून हिशेब करा. भाडेकरू ठेवला तर भाड्यावर २८ टक्के कर लागे. तेच घर पर्यटकांना रोजावर दिलं तर सुरुवातीच्या वर्षांत एकूण जमेच्या फक्त १५ टक्के रक्कम उत्पन्न म्हणून धरली जाई आणि तेवढ्यावरच कर लागे. शिवाय पर्यटकाकडून चार रात्रींत जे मिळतं ते मिळवायला भाडेकरूच्या बाबतीत पहिल्या तारखेची वाट बघायची, नळ गळला तर त्याचं ऐकून घ्यायचं. कराराची मुदत संपायच्या १२० दिवस आधी एक पत्र पाठवलं की काम झालं. अशी पत्रं हजारोंनी गेली. अल्फामा, मोरारिया, कास्तेलो या गल्ल्यांत दाराच्या कडीला किंवा खिडकीच्या गजाला लटकवलेल्या, आकडे फिरवून उघडायच्या किल्लीच्या डब्या दिसू लागल्या. या वस्त्या ज्या सांता मारिया मायोर प्रभागात येतात, तिथली निम्म्याच्या आसपास घरं पर्यटकांच्या नोंदणीत गेली. महापालिकेनं २०१८ मध्ये अशा भागांत नवी नोंदणी थांबवायचं ठरवलं, तर अंमल सुरू होईपर्यंतच्या दिवसांत नोंदणीसाठी झुंबड उडाली.

२०१५ ते २०२२ या काळात पोर्तुगालमधल्या घरांच्या किमती जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. लॅपटॉपवाल्यांचा खास व्हिसा आला तो त्यानंतर. अर्थात युरोपीय महासंघातल्या नागरिकाला पोर्तुगालमध्ये राहायला व्हिसा लागतच नाही, आणि वेब समिट हा तंत्रज्ञानवाल्यांचा मोठा मेळा २०१६ मध्ये डब्लिन सोडून लिस्बनला आला तेव्हापासून अशी तरुण मंडळी येतच होती. तेव्हा त्यांना निर्दोष सोडून द्यावं असं मुळीच नाही. पण या खटल्यात ते उशिरा दाखल झालेले आरोपी आहेत. मुख्य आरोपींच्या सह्या राजपत्रात सापडतात.

‘मूठभर माणसं ती! त्यांनी एवढ्या शहराचं काय बिघडणार?’

हा उलट्या बाजूचा गैरसमज. सरकारं, दलाल आणि स्वतः ही तरुण मंडळीही हा मुद्दा हिरिरीनं मांडतात. आकडा वरवर त्यांच्या बाजूचा आहे: पोर्तुगालमध्ये २०२२ ते २०२४ या काळात झालेल्या घरखरेदीत परदेशी करदात्यांचा वाटा ६ ते ८ टक्क्यांच्या घरातला होता.

पण घरांचा भाव सगळ्या घरांवर ठरत नाही. शहरातली बहुतेक घरं एखाद्या महिन्यात बाजारात नसतातच. कुणी स्वतःच्या घरात राहतो, कुणाचा करार अजून चालू असतो. भाव ठरतो तो त्या महिन्यात रिकाम्या झालेल्या थोडक्या घरांवर. समजा, ग्रासासारख्या टेकडीवरच्या वस्तीत दहा घरं भाड्यानं द्यायची आहेत आणि त्यांतल्या तीन मालकांना बाराशे युरो देणारा परदेशी मिळाला. चौथा मालक काल-परवापर्यंत आठशेवर समाधानी होता. तो आता दलालाला विचारणार: शेजारच्याला बाराशे मिळाले, मग मला का नाही? त्याच्याकडं येणारा परदेशी नसतो, दोन पगारांवर घर चालवणारं स्थानिक जोडपं असतं. तेही हजारावर तयार होतं. पुढच्या वर्षी पलीकडच्या इमारतीतला करार संपतो तेव्हा तिथली बोलणी हजारापासून सुरू होतात. म्हणजे परदेशी माणूस ज्या घरात कधी पाऊलही ठेवणार नाही, त्या घराचं भाडंही त्याच्या ऐपतीनं वर ढकललेलं असतं.

दुसरं असं, की ही माणसं देशभर विखुरलेली नसतात. नदी दिसणाऱ्या, ट्रामच्या वाटेवरच्या, चांगलं इंटरनेट आणि चांगली कॉफी असलेल्या चार-सहा वस्त्यांत ती एकवटतात. बार्सिलोनाबद्दल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एअरबीएनबीचा परिणाम मोजला होता. सरासरी वस्तीत भाडी १.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. एवढंच ऐकलं तर वाटावं, उगाच आरडाओरडा चाललाय. पण ज्या दहा टक्के वस्त्यांत एअरबीएनबीचा सगळ्यांत जास्त सुळसुळाट होता, तिथं भाडी ७ टक्क्यांनी आणि विक्रीच्या किमती १७ टक्क्यांनी वाढल्या होत्या. शहराची सरासरी हे आकडे झाकून टाकते.

आणि त्या ६ ते ८ टक्क्यांतही एक मेख आहे. ही गणती राष्ट्रीयत्वावरून होत नाही, कर भरण्याच्या पत्त्यावरून होते. लिस्बनमध्ये करदाता म्हणून नोंद झालेला जर्मन किंवा अमेरिकन घर घेतो तेव्हा आकडेवारीत तो ‘पोर्तुगालमधला खरेदीदार’ असतो.

‘त्यांच्यामुळे सगळंच महाग झालं’

सगळं नाही. काय त्यांच्यामुळे महाग झालं आणि काय नाही, हे वेगळं केल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

पोर्तुगीज घरात सुकवलेल्या कॉड माशाला, बाकाल्याउला, जे स्थान आहे ते सांगायला लागलं तर लेख त्यातच संपेल. नाताळच्या आदल्या रात्री तो ताटात हवाच. हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नाही. तो प्रामुख्यानं नॉर्वेकडून येतो. त्याचा भाव तिकडच्या मासेमारीच्या कोट्यावर, डिझेलवर, चलनाच्या दरावर ठरतो. अल्फामात हजारभर अमेरिकन राहायला आले म्हणून तो महागत नाही. मागणी वाढली तर आणखी एक कंटेनर येतो. तेल, तांदूळ, साबण, औषधं यांचंही तेच. पिंगो दोस, कोंतिनेंते या मोठ्या दुकानसाखळ्या देशभर साधारण सारखेच भाव लावतात. २०२२ मध्ये पोर्तुगालची महागाई ७.८ टक्क्यांवर गेली, तीस वर्षांतली सगळ्यांत जास्त. त्याची कारणं युक्रेनचं युद्ध आणि इंधन ही होती. स्पेनच्या सीमेजवळच्या ब्रागान्सात लॅपटॉपवाला औषधालाही सापडत नाही, पण किराणा तिथंही तितकाच महागला. एप्रिल २०२३ मध्ये सरकारनं ४६ जिनसांवरचा व्हॅट शून्यावर आणला तो याच महागाईवर उतारा म्हणून.

घर मात्र कंटेनरमधून येत नाही. आणि ज्या ज्या गोष्टीत जागेचं भाडं मिसळलेलं असतं, तिथं घरांची महागाई मागच्या दारानं शिरते. कोपऱ्यावरच्या ताश्कात, म्हणजे घरगुती खानावळीत, माशाचं ताट महागतं ते मालकाच्या गाळ्याचं भाडं वाढल्यामुळे. न्हावी, नळदुरुस्तीवाला, पाळणाघर, सगळीकडं हेच. बऱ्याचदा ताट महागही होत नाही. ताश्का बंद होते आणि तिथं दुसरंच काहीतरी उघडतं. उभ्यानं प्यायची छोटी कॉफी, बिका, अजून एखाद्या युरोच्या आसपास मिळते. शेजारी उघडलेल्या नव्या दुकानात फ्लॅट व्हाइट या दुधाळ कॉफीला तिच्या तिप्पट पैसे पडतात. बिकाचा भाव फारसा वाढत नाही, म्हणून महागाईच्या निर्देशांकात फारसं काही दिसत नाही. फक्त बिका मिळायची जागा दोन गल्ल्या लांब गेलेली असते.

‘खर्च तर गावातच करतात, करही भरतात’

खर्च करतात, आणि त्यांच्या आणि पर्यटकांच्या पैशांनी पडायला आलेल्या इमारती उभ्या राहिल्या हेही खरं आहे. २०१० च्या सुमारास मोरारियात फिरलेल्या माणसाला हे नाकारता येणार नाही. पण तो पैसा कुणाच्या खिशात जातो? ज्याच्या नावावर घर आहे त्याच्या. घर नसलेल्या लिस्बनकराच्या वाट्याला येते ती वेटरची किंवा पर्यटकांची घरं झाडण्या-पुसण्याची नोकरी, बहुधा किमान वेतनाच्या आसपासची.

कराबद्दल न बोललेलं बरं. २००९ मध्ये पोर्तुगालनं नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी खास सवलत आणली: ठरावीक उच्च कौशल्याच्या व्यवसायांतल्या उत्पन्नावर दहा वर्षं सरसकट २० टक्के कर. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या पोर्तुगीज अभियंत्याला चढत्या दरानं भरावा लागे, वरच्या टप्प्यात ४८ टक्क्यांपर्यंत. परदेशी पेन्शनवर तर बरीच वर्षं काहीच कर नव्हता. आपले पेन्शनर तिकडं जाऊन दोन्हीकडचा कर चुकवतात म्हणून फिनलंड आणि स्वीडननं पोर्तुगालशी असलेले करविषयक करारच मोडले. या सवलतीपायी सरकारचा बुडणारा महसूल वर्षाला एक अब्ज युरोंच्या वर गेला होता.

ही सवलत नव्या येणाऱ्यांना बंद करायचं २०२३ मध्ये जाहीर केलं ते पंतप्रधान आंतोनियो कोस्टा यांनी. हे मूळचे गोव्याच्या घराण्यातले; वडील मडगावात वाढलेले. हा करांतला अन्याय आहे आणि त्यानं घरांचे भाव फुगतात, असं त्यांनी स्वतःच म्हटलं. बरोबरच होतं. फक्त २००७ ते २०१५ लिस्बनचे महापौर आणि त्यानंतर आठ वर्षं पंतप्रधान राहिलेल्या माणसाला हे कळायला जरा उशीर झाला.

‘मग व्हिसाच बंद करा’

एक केला की. ऑक्टोबर २०२३ पासून घर घेऊन गोल्डन व्हिसा मिळणं बंद झालं. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत पोर्तुगालमधल्या घरांच्या किमती आदल्या वर्षीपेक्षा १६ टक्क्यांहून जास्त वाढलेल्या होत्या.

आलेली माणसं व्हिसाचा नियम बदलला म्हणून परत जात नाहीत, हे एक. पण त्याहून मोठं कारण विटा-सिमेंटचं आहे. २००२ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास घरं बांधून पूर्ण होत. २०१५ मध्ये हा आकडा सात हजारांच्या आसपास आला. कर्जसंकटात बिल्डर बुडाले, गवंडी आणि सुतार फ्रान्सला, स्वित्झर्लंडला निघून गेले. सरकारी मालकीची घरं एकूण घरांच्या सुमारे २ टक्केच. व्हिएन्नात निम्मं शहर पालिकेच्या किंवा सरकारी मदतीनं बांधलेल्या घरांत राहतं, त्यामुळे तिथं कितीही श्रीमंत पाहुणा आला तरी त्या निम्म्या घरांच्या भाड्याला धक्का लागत नाही. आणि २०२१ च्या जनगणनेत खुद्द लिस्बन शहरात सुमारे ४८ हजार घरं रिकामी निघाली. काही पडीक, काही वारसांच्या भांडणात अडकलेली, काही आणखी भाव यायची वाट बघत थांबलेली. १ एप्रिल २०२३ ला हजारो लोक ‘राहायला घर’ मागत लिस्बनच्या रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पर्यटकांची घरं होती, सट्टेबाज फंड होते आणि ही कुलूपबंद घरंही होती. मोर्चेकऱ्यांना प्रश्न बऱ्याच विश्लेषकांपेक्षा नीट कळला होता.

‘परदेशी तो परदेशी’

लिस्बनच्या मार्तीम मोनीज चौकातून निघणारी रुआ दो बेनफोर्मोसो ही गल्ली पाहिली तर हा गैरसमज सगळ्यांत जास्त घात करणारा का आहे ते कळतं. इथं बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी माणसं दुकानं चालवतात. जेवण पोचवणारी मुलं सायकली लावून इथंच जेवतात. एका खोलीत सहा-आठ जण राहणं इथं नेहमीचं. त्यांच्याकडूनही मालक भरपूर पैसे काढतो, दर खाटेमागे. पण बाजारातल्या चांगल्या घराची बोली वाढवायची यांची ऐपत नसते. उलट ज्या इमारती दुरुस्त होतात, तिथून आधी बाहेर पडावं लागतं ते यांनाच.

रोष मात्र यांच्याच वाट्याला येतो. १९ डिसेंबर २०२४ ला पोलिसांनी या गल्लीत धाड घालून माणसांना भिंतीकडं तोंड करून, हात वर करून ओळीनं उभं केलं. त्या छायाचित्रानं देशभर गदारोळ झाला. पाच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध प्रचार करणारा शेगा हा पक्ष संसदेत दुसऱ्या क्रमांकावर आला. फ्लॅट व्हाइट पिणाऱ्याला कुणी भिंतीशी उभं केलेलं नाही, करूही नये. पण गोऱ्या पाहुण्यानं वाढवलेल्या भाड्याचा राग काळ्या-सावळ्या मजुरावर निघतो, हे इथल्या राजकारणाचं उघडं गुपित आहे. लक्झेंबर्गमध्ये साधारण दर सात रहिवाशांतला एक पोर्तुगीज आहे, तोही बहुधा मजुरीसाठीच गेलेला. शेगाच्या सभांत त्याची आठवण निघत नाही.

‘आपल्याकडं हे नाही’

गोव्यात ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, आले म्हणून जी चिडचिड ऐकू येते, तिच्यात रशियन आणि इस्रायली नेहमी पुढं असतात. पण भारतीय वंशाचा नसलेला आणि इथं रहिवासी नसलेला परदेशी माणूस भारतात घर विकत घेऊच शकत नाही. परकीय चलनाच्या कायद्यानुसार तो फार तर पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्यानं घेऊ शकतो. आसगाव, शिवोली, हणजूण इथल्या जमिनींचे भाव ज्यांनी वर नेले ते दिल्ली, मुंबई, बंगळुरू आणि पुण्याचे आहेत. त्यांना कुठलाही व्हिसा लागत नाही. ये-जाही सोपी झाली: मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, मुंबई-मडगाव वंदे भारत त्याच वर्षी जूनमध्ये. म्हणजे या गोष्टीत लॅपटॉपवाल्याची भूमिका बऱ्याचदा आपल्याच माणसाकडं असते: पुण्याच्या कंपनीचा पगार घेऊन बार्देश तालुक्यात ‘वर्क फ्रॉम गोवा’ करणाऱ्या, किंवा निवृत्तीसाठी म्हणून आजच बंगला बांधून ठेवणाऱ्या मराठी कुटुंबाकडं. कोकणातल्या आंबा-काजूच्या जमिनींचंही आता हेच चाललंय.

इथंही लिस्बनसारखंच कागदपत्रं बघावी लागतात. गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२३ आणि २०२४ मध्ये घातलेली १७(२) आणि ३९अ ही कलमं, ज्यांच्या आधारे शेती-बागायतीच्या जमिनी वस्तीच्या क्षेत्रात घालता येऊ लागल्या, त्यांवरून गोव्यात आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. दिल्लीकराचा बंगला त्या जमिनीवर उभा राहतो तो अशा कलमांच्या जोरावर. आणि उत्तर गोव्यात बदली होऊन आलेल्या शिक्षकाला महिन्याच्या भाड्यानं खोली हवी असेल, तर बरेच मालक जून ते सप्टेंबरएवढाच करार करतात. ऑक्टोबरपासून तीच खोली रात्रीच्या हिशेबानं जाते.